सलीमभाईंचे चार दिवस

“वानखेडे मॅडम, हे सारं लाल काऊन झालं?”

खर्चे साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. समोर लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर आमच्या पुलाचं वेळापत्रक. सकाळी डबा उघडायच्या आधी ते निळं होतं. आता वरपासून खालपर्यंत लाल पट्टेच पट्टे. आणि सगळ्यात खाली, जिथे काम संपण्याची तारीख असते, तिथे ३० मेच्या जागी २३ जून.

“तेवीस जून?” साहेब म्हणाले. “नदीले पूर आल्यावर स्लॅब टाकाचा का मंग आपन?”

खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडला होता. लाल काऊन झालं?

हा पूल कुठला ते आधी सांगते. नांदुऱ्याहून जळगाव जामोदकडे निघालं की मधे एका फाट्यावरून आत रस्ता जातो. तिथल्या एका गावाच्या नदीवर आमचं काम चालू होतं. तीन गाळ्यांचा पूल, म्हणजे दोन्ही काठ आणि मधे दोन खांब, त्यावर तीन स्लॅब. मी तिथली सिव्हिल इंजिनियर. वीसेक वर्षं याच धंद्यात काढली. रोज सकाळी नांदुऱ्याहून बसने यायचं, दिवसभर साइटवरच्या पत्र्याच्या कंटेनरमध्ये नाहीतर उन्हात, आणि संध्याकाळी कापसाच्या गाड्यांच्या मागे मागे परत.

आमच्या भागात कामाचा बार चार्ट बनवायची एक पद्धत आहे. आधी शेवटची तारीख लिहायची. ती टेंडरमध्येच दिलेली असते. मग तिथून उलटं मागे मागे येत एकेक काम बसवायचं. एक्सेलमध्ये चौकोन रंगवायचे, प्रिंट काढायची, भिंतीवर चिकटवायची. चिकटवली की त्याच्याकडे कोणी पाहायचं नाही. काम आपल्या चालीनं चालतं, चार्ट आपला भिंतीवर सुखात राहतो. वीस वर्षं मी असेच चार्ट रंगवले आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

या कामाला मात्र क्लायंटने अट घातली. वेळापत्रक शेड्युलिंग सॉफ्टवेअरमध्येच पाहिजे, आणि दर सोमवारी त्यात खरी प्रगती भरून पाठवायची. साहेब म्हणाले, “मॅडमले कम्प्युटर येते.” मला कम्प्युटर येतो म्हणजे बिलं टाइप करता येतात. पण साहेबांनी म्हटलं आणि विषय संपला. पुण्याच्या एका बाईंनी आम्हाला दोन दिवस ऑनलाइन शिकवलं. पहिल्या दिवशी रेंज नव्हती. दुसऱ्या दिवशी रेंज होती, पण पहिल्या दिवसाचं माहीत नसल्याने काही कळलं नाही.

मी काय केलं, तर एक्सेलचा जुना चार्ट समोर ठेवला आणि नव्वद कामांच्या सुरू होण्याच्या अन् संपण्याच्या तारखा एकेक करून हाताने टाइप केल्या. मग कामं एकमेकांना जोडली. याला लिंक म्हणतात. पाया झाल्याशिवाय खांब नाही, खांब झाल्याशिवाय स्लॅब नाही, एवढंच ते सॉफ्टवेअरला सांगायचं. झालं. काय सुंदर दिसत होतं! निळे पट्टे, बाणच बाण. साहेब म्हणाले, “वा, हे तं विमानतळाचं काम वाटून राह्यलं.” क्लायंटनेही सही केली.

मग गोंधळ सुरू झाला.

पाया खोदताना खडक वरच लागला. काम नऊ दिवस आधी झालं. मी सोमवारी मोठ्या आनंदाने खऱ्या तारखा भरल्या. आता शेवटची तारीख नऊ दिवस मागे येणार, म्हणजे तीसच्या जागी एकवीस मे. पाहते तर ३० मे. फाइल बंद करून उघडली. ३० मे. लॅपटॉप बंद करून चालू केला. ३० मे.

“नऊ दिवस कुठी गेले मॅडम?” साहेबांनी विचारलं.

“अजून विचार करून राह्यलं साहेब ते,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पुढचे काही आठवडे मी त्या नऊ दिवसांच्या मागे लागले. हे बटण दाब, तो मेनू उघड. खांबही लवकर झाले, पहिल्या गाळ्याचं सेंट्रिंगही नऊ दिवस आधी सुरू झालं. सेंट्रिंग म्हणजे स्लॅबचं काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला खालून धरून ठेवणारा प्लेटा आणि टेकूंचा साचा. सगळं लवकर, पण तारीख जागची हलेना. डोक्याचा भुगा झाला.

त्यात आणखी एक कोडं. स्लॅब टाकला की एकवीस दिवस त्यावर पाणी मारावं लागतं, क्युरिंग. मी तारखा अगदी बरोबर मोजून टाकल्या होत्या, एकवीस दिवसांच्या. पण शेजारच्या रकान्यात सॉफ्टवेअर दाखवत होतं, १५ दिवस. एकवीसचे पंधरा कसे? महिनाभर मी तिकडे दुर्लक्ष केलं. मग त्या सोमवारी सकाळी मनात आलं, क्लायंटचा इंजिनियर हे पाहील आणि म्हणेल, या बाईला क्युरिंग किती दिवस असतं तेही माहीत नाही! म्हणून मी तिन्ही गाळ्यांच्या क्युरिंगपुढचे १५ खोडून २१ केले.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट भरली. पहिल्या गाळ्याचं सेंट्रिंग दहा दिवसांचं काम, ते चौदा दिवस चालणार होतं. चार दिवस उशीर. पुढे ‘उशिराचं कारण’ असा रकाना असतो. तिथे मी लिहिलं, ‘सेंट्रिंग गँग स्लो’. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

सेव्ह केलं. आणि लाल.

हे लाल म्हणजे क्रिटिकल पाथ. ज्या कामांना एक दिवस उशीर झाला की अख्ख्या प्रोजेक्टला एक दिवस उशीर होतो, अशा कामांची साखळी. पुस्तकात एवढाच अर्थ आहे. साइटवर मात्र लाल म्हणजे गुन्हेगार. साहेबांनी लाल पट्टे वाचले. गाळा दोन सेंट्रिंग, गाळा तीन सेंट्रिंग. मग माझा रकाना वाचला.

“म्हंजे सलीममुळे चोवीस दिवस बोंबलले,” ते म्हणाले. “त्याले सांगा, हा गाळा झाला की सामान उचल. गुरुवारी दुसरी गँग बलावतो मी.”

“साहेब, थोडं थांबा, मी अजून एकदा पाहते…”

“काय पाहता? हे तुमचंच मशीन सांगून राह्यलं ना!”

काहीतरी खटकत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. आणि जे सांगता येत नाही ते साहेबांपुढे कसं मांडणार?

सलीमभाई जळगाव जामोदचे. वय पन्नाशीच्या पुढे, हाताखाली आठ माणसं. माझ्या पहिल्या नोकरीत, एका शाळेच्या इमारतीवर, स्लॅबखाली वाकून कसं चालायचं ते मला त्यांनी शिकवलं होतं. निरोप मी दिला नाही, साहेबांनी परस्पर फोन केला. तासाभराने सलीमभाई कंटेनरच्या दारात. चपला बाहेर काढून आत आले.

“मॅडम, अर्ध्या पुलावून काहाडलेल्या मिस्त्रीले कोनी बलावत नाही. लोकं पुसतात, काय पडलं होतं बाप्पा? मी काय सांगू त्याइले?”

मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

“कम्प्युटरनं काय दाखवलं ते मले दाखवा बरं.”

मी लॅपटॉप फिरवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“हे लाल म्हंजे मी?”

“तुमचं काम, सलीमभाई.”

“बरं. आन मले चार दिवस जास्त लागून राह्यले, हे कबूल. पन चाराचे चोवीस कसे झाले?”

आता सांगा! एवढे आम्ही शिकलेले, आणि हा साधा प्रश्न साहेब आणि मी, दोघांपैकी एकालाही पडला नव्हता. मी म्हटलं, “उद्या सांगते.” ते म्हणाले, “सांगा. परवा बुधवार, बाजार. गुरुवारी तं ते लोकं येऊन जातीन.” आणि चपला घालून गेले.

मंगळवारी सकाळी मी पुण्याच्या त्या बाईंना फोन लावला. रेंज नदीच्या काठापाशीच येते, म्हणून लॅपटॉप, खुर्ची, सगळं घेऊन भरावावर जाऊन बसले. स्क्रीन त्यांना दिसू लागली.

“मॅडम, माझी तारीख मागे सरकूनच नाही राह्यली,” मी म्हटलं. टेन्शनमध्ये माझी पुस्तकी भाषा आधी पळून जाते. “आणि पुढे गेली तं थांबूनच नाही राह्यली.”

त्यांनी विचारलं, “तारखा तुम्ही हाताने टाइप केल्यात का?”

“हो.”

“किती कामांच्या?”

“सगळ्या.”

“नव्वदच्या नव्वद?” मग एक लांब श्वास ऐकू आला. “ताई, या सॉफ्टवेअरमध्ये तारखा आपण टाकायच्याच नसतात. आपण फक्त काम किती दिवसांचं आणि कोणत्या कामानंतर, एवढं सांगायचं. तारीख ते काढतं. तुम्ही हाताने तारीख टाकली की ते समजतं, हे काम या तारखेच्या आधी सुरू करायचं नाही म्हणून हुकूम आहे. तुम्ही नव्वद हुकूम दिलेत.”

म्हणजे मी प्रत्येक काम खुंटीला बांधून ठेवलं होतं. मागून ढकललं तर पुढे जाणार, पण मोकळं होऊन मागे येणार नाही. नऊ दिवसांचा फायदा खुंट्यांनीच गिळला होता. तोटा मात्र बाणांवरून सरळ शेवटपर्यंत पोचत होता.

“आणि क्युरिंग?” मी विचारलं. “एकवीसचे पंधरा दाखवत होतं, मी दुरुस्त केलं.”

“तुमच्याकडे शनिवार-रविवार सुट्टी असते?”

“छे हो. आमच्याकडे बुधवारी. बुधवारी बाजार असतो ना.”

“ते सॉफ्टवेअरला कुणी सांगितलं?”

कुणी नाही. ते बिचारं शनिवार-रविवार सुट्टी धरून चाललं होतं. एकवीस दिवसांतले तीन शनिवार, तीन रविवार गेले की पंधरा उरतात. ते बरोबरच होतं. मी पंधराचे एकवीस केले, म्हणजे एकवीस कामाचे दिवस. सुट्ट्या धरून ते झाले एकोणतीस. एका गाळ्याला आठ दिवस जास्त.

“म्हणजे शनिवार-रविवारी माझ्या काँक्रीटला सुट्टी होती?”

“तुम्हीच दिलीत ताई.”

तीन गाळे, एकामागून एक. तीन आठं चोवीस.

“मग ते सेंट्रिंगचे चार दिवस?” मी हळूच विचारलं.

“त्याने काही झालंच नाही. त्याला अजूनही पाच दिवस फ्लोट आहे.” फ्लोट म्हणजे सवड, तेवढा उशीर झाला तरी पुढचं अडत नाही. “नीट बघा ना. पहिल्या गाळ्याचं सेंट्रिंग लाल नाहीच आहे.”

मी पाहिलं. नव्हतं. तो एकच पट्टा निळा होता. कालपासून मी, साहेब, सलीमभाई, तिघांनी ती स्क्रीन पाहिली होती, आणि तिघांनाही लालच दिसलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि चोर कोण, तर संन्याशाच्या नावाने रकाना भरणारी बाई.

बाईंनी मला तासभर बसवून घेतलं. खुंट्या काढल्या. बुधवारची सुट्टी टाकली. क्युरिंगला वेगळं कॅलेंडर दिलं, ज्यात सुट्टीच नाही. मधेच माझ्या हातून सगळ्या लिंका पुसल्या गेल्या, त्या परत आणल्या. काही कळत होतं, काही नुसती मान हलवत होते. शेवटी त्या म्हणाल्या, “आता कामाचे दिवस नव्याने भरा. पण मनाने नको. ज्याचं काम त्याला विचारून.”

सळई बांधणाऱ्यांना विचारलं. काँक्रीटवाल्यांना विचारलं. मग पहिल्या गाळ्याखाली गेले. सलीमभाईंची माणसं शेवटच्या प्लेटा बसवत होती, आणि एका बाजूला दुसऱ्या गाळ्यासाठी आणलेल्या टेकूंच्या मोळ्या बांधून ठेवल्या होत्या. ट्रॅक्टरवर चढवायला तयार.

“सलीमभाई, चोवीस दिवस माझे होते,” मी म्हटलं. “तुमचे नाही. मी चुकीचं भरलं.”

“भेटले?” ते एवढंच म्हणाले.

“भेटले. आता सांगा, दुसऱ्या गाळ्याला किती दिवस लागतील?”

“दहा. पन लेव्हल पह्यल्या दिवशी भेटली पाह्यजे.”

मी वहीत दहा लिहिले. मग विचारलं, “मग यावेळी चौदा काऊन लागले?”

त्यांनी हातातला खिळा खिशात टाकला.

“तुमाले आठवत नाही का मॅडम? लेव्हल तुम्हीच देनार होत्या. मी दोन येळा आलो होतो कंटेनरपाशी. तुम्ही म्हनल्या, थांबा सलीमभाई, हे हलून काऊन नाही राह्यलं ते पाहून राह्यली मी. पाचव्या दिवशी आल्या तुम्ही दुर्बीन घेऊन.”

लेव्हल म्हणजे साच्याची उंची किती ठेवायची त्याच्या खुणा. दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहून इंजिनियरने त्या खांबावर करून द्यायच्या असतात. त्याशिवाय सेंट्रिंगवाला एक टेकूही उभा करू शकत नाही. नऊ दिवस कुठे गेले ते शोधत मी कंटेनरमध्ये बसले होते, आणि बाहेर आठ माणसं चार दिवस माझी वाट पाहत सावलीला बसली होती. मान वर न करता मी बोलले होते. तेही आता आठवलं.

मला लाज वाटली. अशी लाज मला उभ्या नोकरीत वाटली नव्हती. तिथे आठ माणसं नसती तर मी रडलेच असते.

“मग तुम्ही साहेबांना काऊन नाही सांगितलं? काल मला तरी म्हणायचं!”

“मी सांगतलं असतं तं तुमचं नाव झालं असतं,” सलीमभाई म्हणाले. “मले वाटलं, तुम्ही सोताच सांगसान.”

मी तशीच कंटेनरकडे निघाले. नवे दिवस भरले. पहिल्यांदाच कुठलीही तारीख न टाइप करता नुसती पाहत बसले. खाली आपोआप तारीख आली. २५ मे. नऊ दिवसांचा फायदा, त्यातून चार गेले, पाच उरले.

साहेब चक्रावले. “काल तेवीस जून, आज पंचवीस मे. हे मशीन शुद्धीवर आहे ना?”

मी सगळं सांगितलं. खुंट्या, शनिवार-रविवार, काँक्रीटची सुट्टी. त्यांना अर्धंच कळलं, पण तारीख आवडली.

“तरी चार दिवस तं सलीमचेच ना?”

“नाही साहेब. तेही माझेच.” आणि लेव्हलचं सांगितलं.

साहेबांनी दाराकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी प्लेट आपटली, तिचा आवाज आला. मग खालच्या आवाजात म्हणाले, “ठीक आहे. जाऊ द्या. त्या रकान्यात ‘तांत्रिक कारण’ लिहून द्या. नाव कायले लिहिता?”

“काल सलीमभाईंचं लिहिलं तेव्हा तुम्ही म्हटलं नाही साहेब, नाव कायले लिहिता.”

साहेबांनी खिशातून फोन काढला आणि बाहेर गेले. दुसऱ्या गँगला येऊ नका म्हणून सांगताना त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. मी रकाना उघडला, ‘सेंट्रिंग गँग स्लो’ पुसलं आणि लिहिलं, ‘साइट इंजिनियरने लेव्हल चार दिवस उशिरा दिली. त्या वेळी त्या हे सॉफ्टवेअर शिकत होत्या.’

क्लायंटच्या इंजिनियरने पुढच्या सोमवारी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. त्यावर कुणी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी सलीमभाईंनी टेकूंच्या मोळ्या सोडल्या. दुसऱ्या गाळ्याचं सेंट्रिंग नऊ दिवसांत झालं. तिसऱ्या गाळ्याखालचे टेकू मे संपायच्या आत निघाले, नदीला पाणी यायच्या बरंच आधी. सॉफ्टवेअर मला आता बरंच येतं. लॅग, बेसलाइन, रिसोर्स, सगळं. नव्या इंजिनियरांना मी शिकवतेही. पहिल्या दिवशी एवढंच सांगते, तारीख हाताने टाकायची नाही, आणि कारणाचा रकाना खुर्चीत बसून भरायचा नाही. उठायचं, खाली जायचं, ज्याचं नाव लिहिणार आहोत त्याला विचारायचं, आणि मग लिहायचं.

दुसरा गाळा सुरू झाला त्या सकाळी मी नेहमीसारखी लॅपटॉप उघडून बसले होते. दारात सलीमभाई. यावेळी चपला काढल्या नाहीत, आतही आले नाहीत.

“मॅडम, ते बंद करा. लेव्हल द्या.”

मी बंद केला आणि दुर्बीण उचलली.